अ‍ॅम्बॅसेडरच्या पेट्रोल इंजिनावर प्लगच्या वायरी कशा ओढाव्यात

जुन्या अ‍ॅम्बॅसेडरचं बॉनेट उघडलं की बऱ्याचदा प्लगच्या चारही वायरी काळ्या टेपने एकत्र गुंडाळलेल्या दिसतात. वरवर नीटनेटकं वाटतं, पण इंजिनाच्या दृष्टीने हा सगळ्यांत वाईट प्रकार. मग घाटात गाडी ओढत नाही, पावसात मिसिंग येतं (एखादा सिलेंडर मधेच पेटत नाही) आणि मालक कार्ब्युरेटर साफ करत बसतो. वायरी एकमेकींपासून, धातूपासून आणि फिरत्या भागांपासून ठरावीक अंतर राखून ओढल्या तर त्या दिसतातही छान आणि गाडीही सुरळीत चालते. काम एका सकाळचं आहे आणि त्याला महागडी हत्यारं लागत नाहीत.

इथली माहिती १४८९ सीसीच्या बी-सिरीज इंजिनाची आहे, म्हणजे मार्क टू, थ्री, फोर आणि पेट्रोल नोव्हामध्ये येणाऱ्या इंजिनाची. नंतरच्या १.८ लिटर इसुझू इंजिनाची मांडणी वेगळी. प्रीमियर पद्मिनीची फायरिंग ऑर्डर (सिलेंडर पेटण्याचा क्रम) हीच असली तरी इंजिन वेगळं, त्यामुळे पद्मिनीवाल्यांनी तत्त्व इथून घ्यावं आणि वाटा आपल्या इंजिनावर बघून ठरवाव्यात.

आधी इंजिन वाचा

ड्रायव्हरच्या सीटवर बसून पुढे बघताय असं धरा. रेडिएटरकडचा सिलेंडर १ नंबर, केबिनकडचा ४ नंबर. कार्ब्युरेटर, इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हे सगळं डाव्या अंगाला. प्लग, डिस्ट्रिब्युटर (कॉइलमध्ये तयार झालेलं जास्त व्होल्टेज पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) आणि डायनामो उजव्या अंगाला. ही मांडणी आपल्या फायद्याची आहे, कारण एक्झॉस्टची धग प्लगच्या वायरींना थेट लागत नाही. अट एकच, वायर हौसेने डावीकडे न्यायची नाही.

फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आणि वरून पाहिलं तर डिस्ट्रिब्युटरमधला रोटर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावर, कॅपवर, १ नंबरपासून उलट दिशेने १, ३, ४, २ अशा वायरी लागतात.

आता हीच ऑर्डर जरा बारकाईने बघा. २ नंतर लगेच १ पेटतो आणि ३ नंतर लगेच ४. डिस्ट्रिब्युटर साधारण इंजिनाच्या मध्यावर असल्याने १ आणि २ च्या वायरी जोडीने पुढे जातात, ३ आणि ४ च्या जोडीने मागे. थोडक्यात, ज्या दोन वायरी शेजारी धावतात त्यांचेच सिलेंडर पाठोपाठ पेटतात. एका वायरीतून हजारो व्होल्टचा झटका जातो तेव्हा तिला चिकटून समांतर धावणाऱ्या वायरीतही थोडा दाब उमटतो. ३ पेटतो त्या क्षणी ४ मध्ये ताजं मिश्रण भरलेलं असतं, पिस्टन खालून वर निघालेला असतो आणि सिलेंडरमधला दाब अजून कमी असतो. कमी दाबात ठिणगी पडायला फारसा जोर लागत नाही. अवेळी ठिणगी पडली तर इंजिन धडधडतं आणि ताकद जाते. २ आणि ३ ची जोडी मात्र निरुपद्रवी आहे. ३ पेटताना २ एक्झॉस्टच्या शेवटाला असतो, त्यामुळे तिथे चुकून ठिणगी पडली तरी जाळायला काही उरलेलं नसतं.

अमेरिकन व्ही-८ इंजिनांत हा त्रास याहून जास्त, कारण तिथे शेजारचे दोन सिलेंडर फक्त ९० अंशांच्या अंतराने पेटतात. आपल्या चार सिलेंडरच्या इंजिनात वायरी नव्या आणि कोरड्या असतील तर तो क्वचितच जाणवतो. पण वीस वर्षं जुनी, तेलकट, टेपने आवळलेली वायर असेल तर त्याच्या जोडीला सरळ गळतीही सुरू होते. म्हणून अंतर राखायचंच, आणि सगळ्यांत आधी १-२ आणि ३-४ या जोड्यांत.

कोणती वायर घ्यायची ते कॅप ठरवते

दुकानात जाण्याआधी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून बघा. जुन्या ल्युकस पद्धतीच्या कॅपमध्ये वायरी बाजूने आत शिरतात आणि कॅपच्या आतून टोकदार स्क्रू पिळून पक्क्या होतात. स्क्रूचं टोक वायरीच्या गाभ्यात घुसतं. या कॅपला फक्त तांब्याच्या तारांची ७ मिलिमीटरची वायर चालते. कार्बन गाभ्याची वायर इथे लावली तर स्क्रू तो नाजूक गाभा तोडतो किंवा त्याला चुकवून बाजूने जातो. गाडी त्या दिवशी चालते. मग त्या फटीत ठिणगी उडत राहते, गाभा जळत जातो आणि काही दिवसांनी मिसिंग सुरू होतं. नवीन वायरी टाकूनही त्रास गेला नाही अशी तक्रार असेल तर सर्वांत आधी हे तपासावं.

वायर वरून खोचायची कॅप असेल तर दोन्ही प्रकार चालतात. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल, तर मात्र कार्बन गाभ्याची वायर घ्या किंवा तांब्याच्या वायरीला ५ किलोओहम रेझिस्टर असलेल्या प्लग कॅप लावा. नुसत्या तांब्याने रेडिओत करकर येते आणि इलेक्ट्रॉनिक मोड्यूलही बिथरू शकतं. कार्बन वायर, रेझिस्टर कॅप आणि रेझिस्टर प्लग असं तिहेरी मात्र लावू नका.

८ किंवा ८.५ मिलिमीटरच्या लाल-पिवळ्या वायरी दुकानदार हमखास पुढे करतो. जाडी वाढते ती बाहेरच्या आवरणाची, ठिणगी काही वाढत नाही. शिवाय ल्युकस कॅपच्या भोकात ती वायर शिरत नाही आणि ७ मिलिमीटरच्या कंगव्यातही (वायरी वेगळ्या धरणाऱ्या खाचांच्या पट्टीतही) बसत नाही. या गाडीला काळी ७ मिलिमीटरच शोभते.

सामान एवढं आणा:

- ७ मिमी वायर, ३ मीटर (चार प्लग आणि एक कॉइल धरून थोडी उरते)
- प्लग कॅप ४
- खोचायची कॅप असेल तर पितळी टर्मिनल ६ आणि रबरी बूट ६: पाच कॅपच्या बाजूला, एक कॉइलला
- दोन खाचांचे प्लास्टिकचे कंगवे ४
- १ ते ४ आकड्यांच्या रिंगा
- सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब
- रबर लावलेली पी-क्लिप १

 कंगवे मिळाले नाहीत तर जुन्या रबरी पाइपचे १२ ते १५ मिलिमीटरचे तुकडे कापा, दोन वायरींच्या मधे एक तुकडा आडवा ठेवा आणि त्याच्या भोकातून झिप-टाय ओवून दोन्ही वायरींभोवती इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. काम तितकंच चांगलं होतं. टाय हाताने ओढा, पक्कडीने नको. आवळलेला टाय आवरणात रुततो आणि पुढे तिथूनच वायर फुटते.

१ नंबर नक्की करा

जुन्या वायरी काढण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येकीवर नंबर चिकटवा. पण आधीच्या माणसाने बरोबर लावलं होतं असं गृहीत धरू नका. डिस्ट्रिब्युटर फिरवणारा गिअर एखाद्या दात्याने सरकवून बसवलेला असतो आणि वायरी त्यानुसार जुळवलेल्या असतात, असं पुष्कळदा होतं. पुस्तकातल्या चित्रात १ नंबर जिथे आहे तिथे तुमच्या गाडीत नसेलही.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चावी काढून खिशात. चारही प्लग काढा, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. १ नंबरच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्या माणसाला समोरून हँडल घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरवायला सांगा. आतली हवा अंगठा ढकलायला लागली की कॉम्प्रेशन आलं. तिथून पुढे क्रँक पुलीची खाच टायमिंग कव्हरवरच्या टॉपच्या (पिस्टन सगळ्यांत वर असतानाच्या) खुणेसमोर येईपर्यंत फिरवा. आता कॅप काढा. रोटरचं टोक ज्या बाजूला आहे तिथे डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर खडूने रेघ मारा. कॅप परत बसवा, ती एकाच पद्धतीने बसते. रेघेच्या वर येईल ते १ नंबरचं भोक. तिथून उलट दिशेने ३, ४, २ असं पेंटच्या ठिपक्यांनी कॅपवरच लिहून टाका. हँडल फिरवताना रोटर कुठे वळतो तेही डोळ्यांनी बघून घ्या, म्हणजे दिशेची शंका राहत नाही.

खुणा टॉपला असूनही अंगठ्याला दाब लागला नसेल तर तुम्ही एक्झॉस्टच्या टॉपवर आहात. तशीच जुळणी केली तर १ च्या जागी ४ आणि २ च्या जागी ३ लागतो. मग गाडी सुरू होत नाही, कार्ब्युरेटर शिंकतो आणि सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात.

कॅप हातात आहे तोवर ती आतून पुसून उजेडात बघा. दोन पितळी टोकांच्या मधे पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती कार्बनची वाट. घासून जात नाही, कॅप बदला. मधला कार्बन ब्रश बोटाने दाबून बघा, स्प्रिंगने परत बाहेर आला पाहिजे.

वायरी कापणं आणि टोकं लावणं

कॅप गाडीवर बसवून जाड सुतळीने प्रत्येक वायरीची वाट आखा. सुतळी ताणू नका, जशी वायर वळेल तशीच वळवा. मापात २५ मिलिमीटर वाढवून वायर काटकोनात, एका फटक्यात कापा. बोथट पक्कडीने चेपलेलं टोक टर्मिनलमध्ये नीट बसत नाही.

प्लग आणि डिस्ट्रिब्युटर दोन्ही इंजिनावरच असल्याने ते एकत्र हलतात, म्हणून प्लगच्या वायरींना जास्त ढील लागत नाही. कॉइलच्या वायरीचं तसं नाही. कॉइल बॉडीवर लावली असेल तर इंजिन रबरी माउंटिंगवर डुलतं आणि कॉइल जागेवरच राहते. त्या वायरीला ४० ते ५० मिलिमीटर ढील ठेवा, नाहीतर क्लच सोडताना दर वेळी ती ओढली जाऊन कॅपमधून सैल होते.

स्क्रूच्या कॅपमध्ये वायर सोलायची नाही. कापलेलं टोक भोकात तळाला टेकेपर्यंत घाला, तसंच दाबून धरा आणि आतून स्क्रू पिळा. मग वायर हलकेच ओढून बघा. कॉइलच्या वायरीचा स्क्रू कार्बन ब्रशच्या आड असतो, ब्रश बाजूला केला की दिसतो. जुन्या कॉइलच्या तोंडाला आट्यांची टोपी असेल तर आधी टोपी वायरीत ओवा, ६ मिलिमीटर आवरण सोला, तारा पितळी वॉशरमधून काढून फुलाच्या पाकळ्यांसारख्या चोहीकडे मुडपा आणि मग टोपी पिळा.

टर्मिनल लावायचं असेल तर आधी बूट आणि आकड्याची रिंग वायरीत ओवून घ्या, मगच टर्मिनल चेपा. हा क्रम जवळपास प्रत्येक नवा माणूस एकदा तरी विसरतो आणि चेपलेलं टर्मिनल कापून टाकावं लागतं. कार्बन वायरीचं आवरण १२ ते १५ मिलिमीटर सोला, गाभ्याला ब्लेड लागू देऊ नका. गाभा मागे दुमडून आवरणावर टेकवा आणि त्याच्यासकट टर्मिनल चेपा, म्हणजे पितळेचा गाभ्याला घट्ट स्पर्श होतो.

बसवण्याआधी मल्टिमीटर लावा. तांब्याची वायर जवळजवळ शून्य ओहम दाखवेल आणि रेझिस्टर कॅपसकट सुमारे ५ किलोओहम. कार्बन वायर साधारणपणे मीटरला १० ते २० किलोओहम, म्हणजे अर्ध्या मीटरच्या तुकड्याला ५ ते १०. वायर वाकवताना आकडा उड्या मारत असेल तर टर्मिनल पुन्हा चेपा.

वाट

१-३-४-२ या ऑर्डरमुळे कॅपवरही १ आणि २ शेजारी येतात, ३ आणि ४ शेजारी. त्यामुळे दोन जोड्या आपोआप वेगळ्या होतात. पुढची जोडी पुढे, मागची मागे न्या.

कॅपमधून निघालेली वायर पहिले २० मिलिमीटर सरळ जाऊ द्या, लगेच वाकवली तर बूट तिरका होऊन पाणी आत शिरतं. नंतरचं वळणही २५ मिलिमीटरच्या त्रिज्येहून लहान नको. जोडीतली लांब जाणारी वायर (पुढे १, मागे ४) वरच्या अंगाला ठेवा आणि जवळची (२ आणि ३) खालच्या अंगाला. जवळची वायर मग लांबच्या वायरीला न ओलांडता थेट आपल्या प्लगवर उतरते. १ नंबर कॅपच्या कोणत्या बाजूला आला आहे त्यावर एखादी ओलांड कधी टळत नाही, तेव्हा ती काटकोनात घ्या. काटकोनात ओलांडलेल्या वायरी एकमेकींवर फारसा परिणाम करत नाहीत, समांतर धावणाऱ्या करतात.

प्रत्येक जोडीला दोन कंगवे पुरतात, एक कॅपपासून ७०-८० मिलिमीटरवर आणि दुसरा जवळची वायर खाली वळते त्याच्या आधी. वायरींमध्ये १२ मिलिमीटर अंतर राहू द्या. कंगवे इंजिनाला बांधायची गरज नाही, वायरींचा स्वतःचा ताठपणा त्यांना पेलतो. पी-क्लिप फक्त कॉइलच्या वायरीला.

हेडची किंवा कव्हरची कड १० मिलिमीटरहून जवळ नको. १ नंबरची वायर फॅन आणि डायनामोच्या बेल्टपासून किमान ५० मिलिमीटर लांब ठेवा. ती लोंबकळली तर बेल्ट तिला ओढून घेतो. पेट्रोलच्या नळीला, तापमानाच्या सेंडरच्या वायरीला किंवा डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूमच्या नळीला प्लगची वायर बांधू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी.

रॅलीच्या गाड्यांत काही जण चारही वायरी टॅपेट कव्हरच्या वरून कमानीसारख्या नेतात. फोटोत छान दिसतं. पण या इंजिनाचे टॅपेट हाताने सेट करावे लागतात, म्हणजे दर वेळी कव्हर काढताना सगळ्या वायरी उचकटायच्या. त्यात तेल ओतताना सांडलेलं तेल वायरींवर येतं आणि रबर मऊ पडतं. वायरी कव्हरच्या खालच्या कडेने नेलेल्याच बऱ्या.

प्लगची गॅप ०.०२५ इंच, म्हणजे सुमारे ०.६४ मिलिमीटर, ठेवून प्लग घट्ट करा. प्लगच्या टोकावरची छोटी नट तुमच्या कॅपला हवी की नको ते बघा. ती नुसती हाताने लावलेली असेल तर सैल होऊन खडखडते, पक्कडीने पिळा. बुटाच्या आत सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, धातूच्या टोकाला लावू नका. प्लगची कॅप दाबताना खट्ट आवाज आला पाहिजे.

तपासणी

रात्री, मोकळ्या हवेत, दिवे बंद करून इंजिन आयडलवर सोडा. सैल बाह्या, ओढणी, अंगठी, कडं काढून ठेवा आणि फॅनपासून दूर उभे राहा. पेसमेकर असलेल्या माणसाने हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावं. वायरीवरून धातूकडे निळी ठिणगी उडताना दिसली तर तिथे आवरण फुटलेलं आहे. काही दिसत नसेल तर फवाऱ्याच्या बाटलीने फक्त वायरींवर पाण्याचं बारीक धुकं मारा. इंजिन अडखळलं तर कोणत्या जोडीवर मारल्यावर अडखळतं ते बघून एकेक वायर वेगळी काढा.

आयडलवर सगळं ठीक असूनही घाटात मिसिंग येत असेल तर वायरी निर्दोष ठरत नाहीत. चढावर थ्रॉटल उघडला की सिलेंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. मग ती प्लगमध्ये उडी मारण्याऐवजी बाहेरची कमजोर जागा शोधते. खंबाटकीत किंवा कशेडीत त्रास आणि सपाटीवर काही नाही, हे वायरी, कॅप किंवा रोटर गळत असल्याचं नेहमीचं लक्षण.

नेमका सिलेंडर शोधायला आयडलवर एकेका प्लगची कॅप इन्सुलेटेड पक्कडीने काढा. इंजिनाचा सूर बदलला नाही तर तोच सिलेंडर काम करत नाहीये. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर काढलेली वायर हवेत लोंबकळू देऊ नका. इंजिन बंद करून त्या कॅपमध्ये जुना प्लग घाला, त्याचं अंग जंपर वायरने ब्लॉकला जोडा आणि मग सुरू करा. वायर हवेत राहिली तर ठिणगी जायला जागा न मिळाल्याने कॉइल आणि मोड्यूल दोन्हींवर ताण येतो.

कोकणपट्टीत आणि गोव्यात मेअखेरीला एकदा कॅप काढून आतून पुसा, वायरी कोरड्या फडक्याने पुसून बुटांमधलं जुनं ग्रीस बदला. वायरींवर डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवायची सवय काही गॅरेजांत आहे. चकाकी येते आणि रबर फुगतं, तेव्हा तसं करू देऊ नका. प्लगची कॅप काढताना ती धरून अर्धा वळसा द्या आणि मगच ओढा. वायर धरून ओढली तर टर्मिनल आत सुटतं आणि बाहेरून काहीच कळत नाही.